दिसत नाही तेच पाते जपा

परवा कामानिमित्त खडकीला जाणे झाले. तिथल्या बाजाराच्या एका गल्लीत ओळखीच्या सुतारमामांचे दुकान आहे. मामांच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धीच आहेत. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "फळी आरपार कापताना नाही गेली. खाच पाडताना गेली. पातं दिसत होतं तोवर मी भीत होतो. ते लाकडाखाली गेलं, दिसेनासं झालं, अन् माझी भीती गेली. तिच्यामागनं बोटं गेली."

हे आज सांगायचे कारण असे की, खेडोपाडी आता टेबलावरची गोल करवत आली आहे. दाराच्या चौकटी, गुरांच्या गोठ्याची फाटके, मधपेट्या घरीच होऊ लागल्या. चांगलेच आहे. खडकीपासून जवळ, गणेशखिंड रस्त्यावर, १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधमाशीपालन शिकून आलेल्या पोराला पेटीही स्वतःच करावीशी वाटते. पेटीच्या फळीला आतल्या बाजूने खाच लागते, तिच्यावर चौकटी टांगतात. ती खाच मापातच हवी. माश्यांना ये-जा करायला सहा ते नऊ मिलिमीटरची फट लागते. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन गृहस्थांनी १८५१ मध्ये हे ओळखले. फट त्याहून मोठी ठेवली तर माश्या तिथे पोळे बांधतात, लहान ठेवली तर ती चिकटवून टाकतात.

आता धोका कुठे आहे ते पाहा. दहा इंची पाते मिनिटाला २,९०० फेरे घेत असेल, तर त्याचा दात ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने धावतो. आरपार कापताना पात्यावर झाकण असते. खाच पाडताना बहुतेक यंत्रांवरचे झाकण काढावे लागते. पाते फळीच्या पोटात लपते आणि फळीच्या मागच्या टोकाशी एकदम बाहेर येते. नेमका तिथेच ढकलणारा हात असतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा.

आधी लांब फळीला खाच पाडा, मग तिचे तुकडे करा. हातभर लांबीचाही नसलेला तुकडा पात्यावर नेऊ नका. जुने लाकूड असेल तर खिळे तपासा.

पात्याची उंची बदलताना वायर बोर्डातून काढलेली असू द्या. सर्वांत वरच्या दातापर्यंत मोजा आणि रद्दी फळीवर आधी एक घास घेऊन पाहा. पात्यामागे पातळ पट्टी असेल आणि ती दातापेक्षा किंचित खाली बसत असेल, तर ती काढू नका. चिरलेले लाकूड पात्याला आवळू नये म्हणून ती असते.

समजा, फळीच्या कडेला १५ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल खाच हवी आहे. पाते १० वर ठेवा. आडपट्टीपासून पात्याच्या दूरच्या बाजूपर्यंतचे अंतर १५ ठेवून पहिला घास घ्या. मग आडपट्टी अडीच-अडीच मिलिमीटर जवळ आणत आणखी चार घास घ्या. दर वेळी यंत्र बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावरच आडपट्टी सरकवा. तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याने कडेला दोनेक मिलिमीटरचा पापुद्रा राहील, तो पटाशीने काढा. वेळ थोडा जास्त जातो, पण फळी आडवीच राहते, उभी धरून डगमगत नाही.

फळी हाताने नव्हे, मागे टाच असलेल्या लाकडी ठोकळ्याने ढकला. बोटे पात्याच्या रेषेत कधीही नकोत. फळी पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत ढकला. मध्येच उचलली किंवा मागे ओढली तर ती उसळून पोटात बसते. म्हणून उभे राहायचे तेही थोडे बाजूला. चालत्या पात्यावर वरून फळी टेकवू नका. खाच अधेमधे थांबवायची असेल तर तेवढे काम पटाशीवर सोपवा. हातमोजे, लोंबता गमछा, सैल बाही नको. बायाबापड्या मदतीला असतील तर पदर खोचलेला हवा, बांगड्या उतरवलेल्या हव्यात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे वीज. काम चालू असताना ती गेली की आधी खटका बंद करा. नाहीतर आपण फळी सोडवत असू आणि वीज येऊन पाते फिरू लागेल. वीज परत आली तरी यंत्र आपणहून सुरू होऊ न देणारा खटका मिळतो, तो बसवून घ्या. काम संपले की झाकण परत लावा आणि वायर काढा. घरात पोरे असतात.

इतके करूनही अपघात झालाच, तर जखम स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती बंद पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका. १०८ ला फोन करा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. लढाईत अपंग झालेल्या जवानांना कामधंदा शिकवण्यासाठी ती १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. देशासाठी हात-पाय गमावलेल्या माणसाला नव्याने काम शिकायला किती सायास पडतात, ते तिथे कळते. आपण मात्र एका खाचेपायी, दोन मिनिटांच्या घाईपायी बोट गमावतो.

निघताना मामा म्हणाले, "तुमच्या वाचकांना सांगा, लाकूड दुसरं मिळतं."