वादळाला मायलेज विचारणाऱ्यांनो

मंडळी, मामेभावाच्या मुलाच्या मुंजीला हैदराबादला गेलो आणि मोटारीवरून भांडण करून परत आलो. हकीकत ऐका.

भावाचं घर सुलतान बाजारात. हा एकेकाळचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली तो निजामाकडे परत गेला आणि त्याचं नाव बदललं. २०२० पासून डोक्यावरून मेट्रो जाते, खाली मात्र तीच साड्यांची गर्दी. १९०७ ची विवेकवर्धिनी जवळच, त्यामुळे या गल्ल्यांत मराठी कानावर पडतं, फक्त तिला हैदराबादी फोडणी असते. अशा गल्लीतल्या एका जुन्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी झोपली होती. मालकाने कोपरा उचलला आणि मी खालीच बसलो. सॅन स्टॉर्म! आमच्या गोव्यात बनलेली, दोन दारांची, दोनच माणसांची. मालक सव्वादोन लाख म्हणत होते.

(कुणी म्हणेल, ही कूपे नव्हे, छप्पर उतरणारी रोडस्टर. बरं. पावसाळ्यात छप्पर चढवा आणि कूपे म्हणा.)

रात्री गोव्याला फोन केला. मेहुणा म्हणाला, "भावजी, डिकी केवढी?" ऑफिसातल्या सोबत्याने विचारलं, "मायलेज किती देते?" तिसऱ्याने तर निकालच दिला, "विकायला गेलास तर कोण घेणार?" हे तीन प्रश्न मी वीस वर्षं ऐकतोय. त्यांचा मला राग आहे, आणि तो का ते आज लिहिणार आहे.

एक तर हे प्रश्न विचारणाऱ्यांना गाडीतलं काही कळतं असा समज आहे, तो खोटा. जुन्या गाडीला विचारायचे प्रश्न वेगळेच असतात, आणि ते यांच्यापैकी एकालाही सुचले नाहीत. अंग फायबरचं आहे, म्हणजे गंज दिसणार नाही. पण आतला पोलादी सांगाडा गंजतोच, आणि वरचं अंग चकचकीत असल्यामुळे पत्ताही लागत नाही. म्हणून मी सदरा काढून खाली सरकलो. दारांच्या बिजागरीपाशी फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या, त्यांच्यावर रंग मारलेला. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साठेक अश्वशक्तीचं. युरोपात ते ट्विंगो आणि क्लिओत होतं, आपल्याकडच्या कुठल्या लोकप्रिय गाडीत नव्हतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं तर मालक म्हणाले, "गाडी फिरलीच कमी." अहो, रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं!

आणि कागद. कागद वाचणं हा माझा धंदा आहे, तिथे मला कुणी शिकवू नये. चासीवर कोरलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळला, बँकेचा बोजा उतरलेला होता. पण नोंदणीची पंधरा वर्षं संपून गेलेली, नूतनीकरण नाही. "होऊन जातं हो," मालक म्हणाले. होतं, फुकट होत नाही. २०२५ साली केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी दुप्पट करून १०,००० केली. त्यावर तपासणी, मग गोव्यात आणायला अठ्ठावीस नंबरचा ना-हरकत फॉर्म, एकोणतीस-तीस नंबरचे हस्तांतराचे फॉर्म, इकडचा कर आणि शेवटी गोव्याचा नंबर. सव्वादोन लाखांची गाडी सव्वादोन लाखांची राहत नाही. स्वस्त स्पोर्ट्स कार ही स्वस्त नसते, ती फक्त हप्त्याहप्त्याने महाग होते.

हे सगळं मी मान्य करतो. आजची अल्टो के-टेनसुद्धा स्टॉर्मपेक्षा अश्वशक्ती जास्तच देते, हेही मान्य. ज्यांना नुसती ताकद आणि सोय हवी त्यांनी खुशाल अल्टो घ्यावी. पण स्टॉर्मला डिकी विचारणं म्हणजे तबल्याला विचारणं की तुझ्यात तांदूळ किती मावतात. हलकी, बुटकी गाडी, हातात छोटं सुकाणू, ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर. अनमोडच्या घाटात अशी गाडी ताशी पन्नासनेही धावते असं वाटतं. ते वाटणं हेच तिचं काम. ते मिळतं का एवढंच तपासायचं.

आम्हा गोंयकारांचं तर विशेष आहे. नव्वदीच्या शेवटाला फ्रेंच आराखड्याची दोन आसनी गाडी आपल्या भूमीत तयार होत होती. आपण काय केलं? "बरी दिसते" म्हटलं आणि चार दारांची मारुती घेतली. आता ती बनत नाही. किनाऱ्यावर पर्यटक भाड्याच्या उघड्या जीपमधून केस उडवत जातात ते आपण कौतुकाने बघतो. आपण उघड्या गाडीत बसलो तर मात्र शेजारी विचारतो, "छप्पर गेलं की काय?" मजा पाव्हण्यांनी करायची, हिशेब आपण ठेवायचा. पोरांना नाटकाला घातलं तर "पुढे काय उपयोग", मराठी घेऊन बीए केलं तर "पुढे काय उपयोग". मी ते ऐकलंय, बीए करून कारकून झालोय, आणि उपयोग काय झाला ते मला विचारायचं आहे हे विचारणाऱ्यांनाच!

दुसऱ्या दिवशी रविवार. कोटीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली. मामेभावाने एक कादंबरी घेतली, बांधणी सुटलेली. त्याने पानं मोजली, मधली पानं आहेत ना बघितलं, पैसे दिले. परत विकली तर काय येईल, हे त्याने विचारलं नाही. मी म्हटलं, "हेच तर मी काल करत होतो." तो हसला, "हौ दादा, पण पुस्तकाला पेट्रोल लागत नाही."

असो. संध्याकाळी मालकांकडे पुन्हा गेलो. नोंदणी तुम्ही करून द्या, बेल्ट तुम्ही बदला, मग एक लाख साठ हजार. त्यांनी चहा पाजला, बराच वेळ ताडपत्रीकडे बघत बसले. त्यांच्या मुलाने ही गाडी घेतली होती, तो आता परदेशात असतो. "एक सत्तर," ते म्हणाले, "आणि नोंदणीचं मी बघतो."

तपासणीत गाडी पास झाली की फोन करणार आहेत. रजेचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तारखेची जागा मोकळी आहे. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.