क्रोमचा मुलामा व गंज

वडिलार्जित मोटार-ट्रक ज्यांनीं हौसेनें जतन केला आहे, त्यांस बंपरावरील तांबूस ठिपके पाहून हळहळ वाटते व ते कांहींतरी खरखरीत घेऊन घासावयास बसतात. असें करूं नये. क्रोमियम स्वतः गंजत नाहीं. त्याचा थर बहुधा ०.००१ मिलिमीटरहूनहि पातळ असतो. त्याखालीं निकेल व सर्वांत खालीं पोलाद असतें. थरांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोंचतें आणि तेथील गंज वर येतो. काचकागदानें तो निघेल, पण मुलामाहि जाईल. फरशी धुण्याचें अ‍ॅसिड तर क्रोमियमच विरघळवितें.

प्रथम धूळ धुवावी. नंतर पोळ्या गुंडाळण्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यांत भिजवून हलक्या हातानें चोळावा. हा धातु क्रोमियमहून पुष्कळ मऊ असल्यानें त्यावर ओरखडे उठत नाहींत. मग भाग धुऊन अगदीं कोरडा करावा व मोटारीचें मेण लावावें, म्हणजे छिद्रें झांकलीं जातात. पावसाळ्यापूर्वीं आणि समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत तर वरचेवर मेण लावीत जावें. मात्र मुलामा सोलून पोलाद उघडें पडलें असल्यास घरगुती उपाय चालत नाहीं. तो कारखान्यांतूनच पुन्हां चढवून घ्यावा लागतो.