घरातली सायकल सांभाळा



वर्षावास संपला, दसरा झाला, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली मंडळी घरी परतली, की आपल्या तलवाड्याच्या भागात दुसरीच लगबग सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयते परजले जातात, बिऱ्हाड बांधले जाते आणि गेवराई तालुक्यातील, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. दिवाळीच्या सुमारास गेलेला माणूस मार्च-एप्रिलपर्यंत गावी दिसत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी लेकरे आणि कुलूप लावलेली घरे. याच दिवसांत वस्तीतून सायकली नाहीशा होऊ लागतात. म्हणून आजचा विषय सायकलचा. विषय लहान वाटेल, पण वाचून पाहा.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्यात त्यांचा काही दोष नाही. आईवडील कारखान्यावर गेले होते. नववीतली मुलगी आजीजवळ राहत होती. शाळा चार किलोमीटरवर. सायकल रात्री पडवीत उभी असायची आणि मागच्या चाकाचे गोल कुलूप न विसरता लावलेले असायचे. एके दिवशी सकाळी उठून पाहतात तर सायकल नाही. आजी सारखी एकच म्हणत होती, “कुलूप तर लावलं होतं की गं!” खरेच लावले होते. पण ते सायकलला लावले होते, घराला नव्हे. बारा-पंधरा किलोची सायकल चोराने खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

मुलगी आठ-दहा दिवस पायी गेली. मग आजीचे गुडघे धरले, पाणी भरायला कोणी नाही, सकाळी उशीर होऊ लागला. आधी दोन दिवस दांडी, मग चार दिवस. तिकडून वडिलांचा फोन आला, “शाळा होत नसेल तर तिला इकडं पाठवून द्या. कोपीवर भाकरी तरी करील.” कोपीवर गेलेली मुलगी पुन्हा शाळेत किती वेळा परतते, आणि एक-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी कशी सुरू होतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. सुदैवाने वस्तीतल्या तिघांनी मिळून एक जुनी सायकल दुरुस्त करून दिली आणि मुलगी राहिली. चोरीला गेलेली सायकल मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

मी हिशोबाचा माणूस. बी.कॉम.ला असताना घसारा शिकलो. वहीत वस्तूची किंमत दरवर्षी कमी कमी होत जाते. त्या हिशोबाने पाच वर्षांची सायकल म्हणजे काही शे रुपयांचे लोखंड. पण दुसरा हिशोब करून पाहा. चार किलोमीटर चालायला मुलीला पाऊण-एक तास लागतो, सायकलने वीस मिनिटे. जाऊन येऊन रोजचा तासभर तरी वाचतो. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला दोनशे तास अभ्यासाला मिळतात. हा घसारा कोणत्या वहीत मांडणार?

आपल्या माणसाला सायकल सहज मिळालेली नाही. देशातल्या कित्येक खेड्यांत आपला माणूस गावातून जाताना सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत असे. बसून गेला तर तो माज ठरे. १९८३ साली मा. कांशीराम यांनी डीएस-४ तर्फे सायकल यात्रा काढली आणि दोन पाय व दोन चाके एवढ्या भांडवलावर अनेक राज्यांत बहुजनांची चळवळ नेऊन दाखवली. आज आपली मुलगी दप्तर कॅरिअरला लावून भर गावातून घंटी वाजवीत जाते, तेव्हा त्यामागे एवढा मोठा इतिहास आहे. ती सायकल सांभाळणे हे आपले काम आहे.

सायकल सांभाळायची कशी, ते आता पाहू.

पहिली गोष्ट, सायकल बांधलेली पाहिजे. मागच्या चाकाचे कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलून नेऊ देते. म्हणून साखळी व कुलूप हवे, आणि ती साखळी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला अडकवायला हवी. खिडकीचे गज चालतील. गज नसतील तर लोखंडी सळई इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून घ्यावी आणि कोब्यात किंवा भिंतीच्या पायाशी सिमेंटात पक्की बसवावी. गवंडीकाम करणारे आपल्या वस्तीत आहेतच. उरलेल्या मूठभर सिमेंटात हे काम होते. पत्र्याच्या घरात साखळी पत्र्याच्या पट्टीला अडकवू नये, ती वाकते. मुख्य खांबाला अडकवावी.

दुसरी गोष्ट, साखळी कोठून न्यायची. पुष्कळ जण ती पुढच्या चाकातून घालतात. पुढचे चाक दोन नट काढले की सुटते. मग चाक आपल्याकडे आणि सायकल चोराकडे! साखळी सायकलच्या सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून अशी दोन्हीतून गेली पाहिजे. ती ढिली लोंबती ठेवू नये व कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या कुलपावर हातोडी नीट बसते. प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली बारीक तार दिसायला छान, पण चांगल्या पकडीने ती मिनिटात तुटते. त्यापेक्षा जाड कडीची साखळी घ्यावी.

तिसरी गोष्ट दाराची. आपण कुलूप महागाचे घेतो आणि कोयंडा चार आखूड स्क्रूंवर ठोकलेला असतो. चोर कुलपाला हात लावीत नाही. पहारीने कोयंडाच उचकटतो. कडी-कोयंडा आरपार बोल्टने बसवावा आणि नट आतल्या बाजूने आवळावेत. फार तर अर्ध्या तासाचे काम आहे. सायकल रात्री पडवीत किंवा अंगणात न ठेवता शक्यतो घरात घ्यावी. घर लहान असेल तर भिंतीत दोन मजबूत हूक मारून ती टांगता येते. खाली झोपायला जागाही उरते.

चौथी गोष्ट, जे हंगामासाठी जाणार आहेत त्यांची. घरात कोणी राहणार नसेल तर सायकल बंद घरात तशीच सोडू नका. विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवा. घरातच ठेवायची असेल तर पुढचे चाक आणि सीट काढून दुसरीकडे ठेवा. चालवत नेता न येणारी सायकल नेण्याचे कष्ट कोणी सहसा घेत नाही. चाके जमिनीपासून वर राहतील अशी टांगा आणि साखळीला तेल द्या, म्हणजे पाच महिन्यांनी परत आल्यावर टायर-ट्यूबचा खर्च निघणार नाही.

आता कागदाविषयी. आमची माणसे कागद जपत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. वर सांगितलेल्या कुटुंबाने चोरीची तक्रार दिलीच नाही. का, तर पावती नव्हती आणि “कोणती सायकल?” असे विचारले तर “काळी” यापलीकडे उत्तर नव्हते. प्रत्येक सायकलच्या सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करा. पायडलचा आस ज्या जाड नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा तो सापडतो. तिथे नसेल तर सीटखालच्या नळीवर पाहा. माती पुसून तो वहीत उतरवा. मोबाईलवर नंबरचा एक आणि पूर्ण सायकलचा एक फोटो काढून ठेवा. पावतीचाही फोटो घ्या. पोलिसांना सायकल सापडली तरी ती तुमचीच आहे हे दाखवल्याशिवाय ताब्यात मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

कायदाही थोडा समजून घेऊ. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल परत केला असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपल्या बहुतेक सायकली याच किमतीत बसतात. मात्र राहत्या किंवा सामान ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत असून गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून सायकल घराच्या आत ठेवण्याचा फायदा कायद्यातही आहे. तक्रार देताना सायकल नेमकी कोठे होती, दार बंद होते का, कोयंडा तुटला का, हे खरे आणि स्पष्ट लिहा. रस्त्यावरची सायकल घरात होती असे खोटे लिहू नका. गुन्हा नोंदवल्यावर त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंद घेतली गेली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते.

सायकल गेलीच आणि मुलगी आठवी ते बारावीत असेल तर शाळेत आणखी एक चौकशी करा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात ठरावीक मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. ते एकदाच मिळते. ज्या मुलीने अजून घेतलेले नाही तिने मुख्याध्यापकांना विचारावे. आणि ज्यांना मिळाले आहे त्यांनी ओळखावे, की दुसऱ्यांदा मिळणार नाही.

आता एक सूचना. आपल्या प्रत्येक वस्तीत बुद्धविहार किंवा समाजमंदिर आहे. रविवारच्या वंदनेनंतर त्याला कुलूप लागते. हंगामाच्या पाच महिन्यांसाठी तिथला एक कोपरा बाहेरगावी जाणाऱ्यांच्या सायकलींना द्यायला काय हरकत आहे? एक रजिस्टर करावे. त्यात मालकाचे नाव, सायकलचा नंबर, ठेवल्याची तारीख, सही किंवा अंगठा. लांब साखळी सर्व सायकलींतून ओवून एक मोठे कुलूप लावावे. किल्ल्या दोघींकडे ठेवाव्यात, आणि त्या महिला मंडळाच्या असाव्यात. पुरुषांकडे किल्ली असली की सायकल “जरा जाऊन येतो” म्हणून निघते, हा माझा अनुभव!

शेवटी, सगळ्यांत महत्त्वाचे. त्या सकाळी सायकल गेल्याचे कळताच वस्तीतली दोन तापट पोरे निघाली, ती थेट गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालाकडे. पुरावा काय? काही नाही. “तेच असणार.” एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी त्यांना वाटेतच अडवले. म्हणाल्या, “अरे, काल गावात काही गेलं की पाटील आपल्याच वाड्यात माणसं धाडायचा. विसरलात व्हय?” पोरे खाली मान घालून परतली. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या त्यातून मुक्त झाल्या, पण लोकांच्या मनातला तो कायदा अजून रद्द झालेला नाही. निदान बाबासाहेबांच्या लेकरांच्या मनात तरी तो नसावा. नंबर द्या, फोटो द्या, तक्रार द्या. जातीकडे बोट दाखवू नका.

पंचशीलातील दुसरे शील आपण रोज घेतो, न दिलेले घेणार नाही. ते चोरासाठीच आहे असे समजू नका. हजार रुपयांत, बिनपावतीची, चांगली सायकल कोणी दाराशी आणून देतो, तेव्हा ती कोठून आली हे आपल्या मनाला कळत असते. चोरीचा माल आहे हे कळत असताना घेणे हाही गुन्हा आहे. कलम ३१७ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घेणाराच नसेल तर चोरणारा विकेल कोणाला? आपल्या स्वस्त सायकलपायी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी शाळेला पायी जात असेल.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताची कथा आहे. राज्यात चोऱ्या वाढल्या, तेव्हा पुरोहिताने त्याला सांगितले की मारून, डांबून चोरी थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला पगार दे. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून सुखाने राहू लागले. हाताला गावातच काम मिळाले, पोरांच्या शाळेसाठी उचल घ्यावी लागली नाही, तर आपलीही दारे तशी राहतील. त्यासाठी संघटित होऊन झगडायचे आहेच.

तोवर या रविवारी एवढे करा. सायकल उलटी करा, नंबर वहीत उतरवा आणि कोयंड्याचे स्क्रू हलवून पाहा.

जयभीम!