पालकत्वाचा हिशेब

बौद्धिक अक्षमता असलेल्या अपत्याचे आईवडील दवाखान्यात येतात, तेव्हा औषधांचे बोलणे संपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘आमच्यामागे याचे कोण पाहील?’ कायदेशीर पालकाची नियुक्ती हे त्याचे एक उत्तर आहे. मात्र नियुक्तीचे पत्र हाती आले की काम संपले, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते तेथून सुरू होते.

वयाची १८ वर्षे पूर्ण होताच व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. या पालकावर कायद्याच्या कलम १६ने दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. नियुक्तीपासून ६ महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी, येणी आणि देणी यांच्या तपशिलासह, समितीकडे द्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमा, खर्च आणि शिल्लक यांचा हिशेब सादर करावा लागतो.

‘सख्ख्या भावाचा हिशेब मी सरकारला का द्यावा?’ असा दुखावलेला प्रश्न येथे उमटतो. तो मला समजतो. परंतु विचार करा : इतर कोणीही आपल्या पैशांचे काय झाले, हे विचारू शकतो, आपला पाल्य ते विचारू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी विचारावे, एवढाच या तरतुदीचा अर्थ. शिवाय हा हिशेब प्रामाणिक पालकाचेही रक्षण करतो. पाल्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंवा मालमत्तेच्या अपहाराची तक्रार नातेवाइकांना समितीकडे करता येते आणि त्यातून पालकत्व जाऊ शकते. वर्षानुवर्षे पदरमोड करणाऱ्या भावाजवळ एकही कागद नसेल, तर त्याने बाजू मांडावी कशी?

अशा भांडणाची झळ शेवटी पाल्याच्या प्रकृतीलाच लागते. खात्यातून पैसे कोणी काढायचे, हा वाद लांबला, की फिजिओथेरपी थांबते, औषधे संपतात. अपस्माराची गोळी अचानक बंद झाल्यास न थांबणारे झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणूनच हा विषय या सदरात घेतला आहे.

करावयाचे काम अवघड नाही. पाल्याचे बँक खाते स्वतंत्र ठेवा. त्यात आपले पैसे मिसळू नका. एका वहीत तारीखवार जमाखर्च लिहा. औषधांची बिले, तपासण्यांच्या आणि मदतनिसाच्या पगाराच्या पावत्या महिन्यानुसार पाकिटांत ठेवा. मालमत्ता काहीच नसेल, तर तेही लेखी कळवा. कागद दिल्यावर तारखेची पोचपावती घ्या आणि प्रत जपून ठेवा.

त्याच फायलीत आरोग्याचे एक पान असावे, असे मी सुचवीन. कायदा ते मागत नाही, वैद्यक मागते. चालू औषधे व त्यांच्या मात्रा, वजन, झटक्यांच्या तारखा, दातांची तपासणी, लसी. डाऊन सिंड्रोम असल्यास थायरॉईडची वार्षिक तपासणी. उद्या तुमच्या जागी दुसरे कोणी आले, तर पाल्याला काय सोसत नाही, हे त्याला या पानावरून कळेल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या वडिलधाऱ्यांना हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी कुटुंबे उच्च न्यायालयात जातात. अशा आदेशातील अटी वकिलाकडून नीट समजून घ्याव्यात. अज्ञान मुलांसाठी १८९०चा पालक व पाल्य कायदा आहे. त्याखाली न्यायालयाने मालमत्तेचा पालक नेमल्यास, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना पाल्याची स्थावर मालमत्ता विकता वा गहाण ठेवता येत नाही.

आपण कोणाचे कायदेशीर पालक असाल, तर नियुक्तीपत्र आजच काढून त्यावरील तारीख पाहा. यादी वा हिशेब राहून गेला असल्यास तक्रारीची वाट पाहू नका. उपलब्ध कागद घेऊन आपणहून समितीकडे जा आणि राहिलेल्या वर्षांचे हिशेब कसे द्यावेत, हे विचारून घ्या.