बर्थ आधी, बंदर नंतर

उन्हाळी सुट्टीच्या क्रूझची चौकशी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि बहुतेक कार्यालयांतून तिला मिळणारे पहिले उत्तर म्हणजे कोटेशन असते: अमुक रात्री, अमुक बंदरे, माणशी अमुक रुपये. विमान आणि हॉटेल यांच्या सहलींवर पोसलेल्या या व्यवसायाची ती सवय आहे आणि दोघेच प्रवासी असतील तर तिने फारसे बिघडत नाही. कुटुंबात मुले असली की मात्र हा क्रम उलटा पडतो, कारण जहाजावर मुलाचे वय आणि त्याच्या वाट्याचा बर्थ या दोन गोष्टी आधी ठरतात आणि जहाज, तारीख, बंदरे व भाडे ही सारी त्यांच्या मागून येतात.

याचे मूळ विक्रीच्या धोरणात नसून सुरक्षेच्या नियमांत आहे. विमानात दोन वर्षांखालील मूल आईच्या मांडीवर बसून जाते आणि हॉटेलात एक जादा गादी टाकली की प्रश्न मिटतो. जहाजावर मात्र सहा महिन्यांचे बाळही पूर्ण एक माणूस धरले जाते, कारण जीवरक्षक नौकेत त्याच्या नावाची जागा असावी लागते. सोलास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळाच्या सफरीत जहाजावरील प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट ठेवावे लागते; मुलांच्या मापाची जाकिटे एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के, आणि मुले त्याहून अधिक असतील तर प्रत्येकाला एक, इतकी असावी लागतात. १५ किलोंपर्यंतचे ते तान्हे आणि तिथून ४३ किलोंपर्यंतचे ते मूल अशी ही मापांची विभागणी असल्याने नोंदणी-अर्जावर मुलाचे वजन लिहून घेणे निरर्थक नाही.

जहाजाची क्षमता मोजताना प्रत्येक केबिनमध्ये दोनच माणसे धरण्याची रीत आहे, म्हणूनच सुट्ट्यांच्या काळात जहाज १०० टक्क्यांहून अधिक भरल्याचे सांगितले जाते. ही वरची भर म्हणजे मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या बर्थवरची मुले. हे बर्थ कुठे सोफ्याचा पलंग करून, तर कुठे छतातून खाली उघडणारा पलंग लावून तयार होतात आणि चौघांना सामावणाऱ्या केबिन एकूण संख्येत थोड्याच असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जहाजाच्या प्रत्येक भागातील प्रवाशांना आणीबाणीत जमण्यासाठी एक जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, नेमून दिलेली असते आणि त्या जागेशी जोडलेल्या नौकांची क्षमता भरली की त्या भागातील केबिनमध्ये पलंग रिकामा असूनही तिसरा माणूस घेतला जात नाही. चार बर्थची केबिन संगणकावर दिसते पण चौघांसाठी मिळत नाही, हा नवख्या एजंटाला बुचकळ्यात टाकणारा प्रकार बहुधा या कारणाने घडतो. जोडप्याला शेवटच्या आठवड्यात स्वस्त केबिन मिळू शकते. चौघांच्या कुटुंबाला त्या आशेवर ठेवणे म्हणजे त्यांना दोन केबिनच्या खर्चात ढकलणे होय. शिवाय दोन केबिन घेतल्या तर प्रत्येकीत कंपनीच्या नियमाप्रमाणे एक सज्ञान व्यक्ती असावी लागते, त्यामुळे कागदोपत्री आई एका खोलीत आणि वडील दुसऱ्या खोलीत अशी वाटणी करावी लागते आणि दोन्ही खोल्यांना मधून दार नसेल तर ती वाटणी रात्रीही पाळावी लागते.

वयाची अट कंपनीगणिक आणि मार्गागणिक बदलते. अनेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग तीन वा अधिक दिवस बंदर न लागणाऱ्या सफरींसाठी हीच मर्यादा बारा महिन्यांवर नेतात, कारण जहाजावर डॉक्टर असला तरी बालरोगतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग किनाऱ्यावरच असतात. वय मोजायचे ते नोंदणीच्या दिवशीचे नव्हे, जहाज सुटण्याच्या दिवशीचे. विमानाचे गणित याहून वेगळे असते: ज्या मुलाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या मधल्या दिवशी येतो त्याला जाताना मांडी चालते आणि परतताना स्वतंत्र आसन लागते. चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतीलाही बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि दुसऱ्या बाळाची चाहूल असलेल्या घरात हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

मुलांचा क्लब हे क्रूझच्या जाहिरातीतील सर्वांत मोहक चित्र, आणि ग्राहकाचा सर्वाधिक गैरसमजही तिथेच होतो. हा क्लब साधारणपणे तीन वर्षांपासून पुढच्या आणि शौचाची सवय लागलेल्या मुलांसाठी असतो; त्याखालच्या वयासाठी काही मोजक्या जहाजांवर वेगळे शुल्क घेऊन पाळणाघर चालते. डायपर वापरणाऱ्या मुलांना सामायिक तरणतलावात उतरता येत नाही, आणि अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तर तेथील आरोग्यखात्याच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमामुळे पाण्यात वापरायचा डायपरही चालत नाही. याचा अर्थ असा की दीड वर्षाच्या मुलासह जाणाऱ्या आईबापांना क्लबही नाही आणि तलावही नाही, आणि पैसे मात्र दोन्हींचे मोजलेले असतात. बऱ्याच जहाजांवर तलावापाशी जीवरक्षक नसतो, हेही नोंदणीच्या वेळीच सांगितले पाहिजे. माहितीपत्रकातील बारीक अक्षरांवर ते सोडणे रास्त नाही.

जेवणाचा प्रश्न मराठी घरांत आणखी वेगळा असतो. खिमट किंवा मऊ भात खाणाऱ्या मुलाची आई सामानात छोटा विजेचा कुकर किंवा किटली ठेवतेच, आणि जहाजावर तापणारी उपकरणे आगीच्या धोक्यामुळे निषिद्ध असल्याने ती सामानाच्या तपासणीतच काढून घेतली जाते व सफर संपल्यावर परत मिळते. तोवर उपास कुणाला? जहाजाचे स्वयंपाकघर मऊ भात, वरण, दही किंवा कुस्करलेल्या भाज्या देऊ शकते, जैन जेवणही अनेक जहाजांवर मिळते, परंतु त्यासाठी सूचना आगाऊ लेखी जावी लागते आणि पहिल्याच संध्याकाळी भोजनकक्षाच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटून तिची आठवण द्यावी लागते. हे काम ग्राहकावर न सोडता सूचनेची प्रत त्याच्या हाती देणारा एजंट विरळा.

कवायतीबद्दलही बोलले पाहिजे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेली नव्हती, कारण तत्कालीन नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. अनेक कंपन्या मुलांच्या मनगटावर मस्टर स्टेशनचा क्रमांक छापलेली पट्टी बांधतात, जेणेकरून मूल क्लबात असताना भोंगा वाजला तर त्याला कुठे न्यायचे याबद्दल संभ्रम राहू नये. पहिल्या दिवशी मुले दमलेली आणि भुकेलेली असतात, आईबाप ती पट्टी खेळण्यासारखी काढून ठेवतात. सहलीपूर्वीच्या बैठकीत तिचा उपयोग दाखवून दिला तर असे होत नाही.

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी मराठी कुटुंबांना विमानाच्या अंतरामुळे सोयीच्या वाटतात आणि त्या आहेतही, पण त्यांत दोन खाचा आहेत. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तिथेच येत असल्याने व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. भूमध्य समुद्रात शेंगेन देशांतून निघून तुर्कस्तानचे बंदर करून परतणाऱ्या सफरीलाही हाच नियम लागतो. दुसरी खाच घड्याळाची आहे. थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तासाने मागे असते, जहाजाचे घड्याळ बहुधा निघाल्या बंदराचेच राहते, आणि मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच स्वतःहून स्थानिक वेळ धरतो. फुकेतमध्ये मोबाइलवर चार वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर पाच झालेले असतात. त्यातच तिथे मोठी जहाजे बहुधा किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि प्रवाशांची ने-आण टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून होते, तेव्हा रांग, ऊन, घडी करून उचललेली बाबागाडी आणि झोपेला आलेले मूल यांचा वेळ वेगळा धरावा लागतो. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तरच त्याची काळजी कंपनी घेते.

कागदपत्रांत मुलाच्या पासपोर्टची मुदत वेगळी तपासावी, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि आईबापांचे दहा वर्षांचे पासपोर्ट बघून सर्वांचेच ठीक आहे असे गृहीत धरले जाते. आजी-आजोबा नातवंडांना एकटे नेणार असतील तर दोन्ही पालकांचे संमतिपत्र लागते.

हंगामाच्या बाबतीत मराठी शाळांचे वेळापत्रक एक अनपेक्षित लाभ देते. भूमध्य समुद्रातील सफरींचे भाडे जुलै-ऑगस्टमध्ये, युरोपातील शाळांच्या सुट्टीत, चढते. आपली सुट्टी मे महिन्यात असल्याने त्याच जहाजावर तुलनेने कमी भाड्यात आणि कमी गर्दीत जाता येते, फक्त समुद्राचे पाणी तोवर गारच असते. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून चालणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस या जहाजाने गोवा आणि लक्षद्वीपच्या छोट्या सफरी आवाक्यात आणल्या. १९९० मध्ये बांधलेले हे जहाज आजच्या महाकाय जहाजांपुढे लहान आहे आणि लाट त्यावर अधिक जाणवते, पण मुलाला समुद्र लागतो की नाही हे सात रात्रींच्या परदेशी सफरीवर पैसे घालण्यापूर्वी दोन रात्रींत कळते. दोन ते बारा या वयात समुद्र लागण्याचे प्रमाण अधिक, त्याखाली बरेच कमी. औषध मात्र मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण उलटी थांबवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांपैकी काही दोन वर्षांखालील मुलांना देऊच नयेत अशा आहेत.

मुलांना मोफत नेण्याच्या योजना सर्वांत शेवटी वाचाव्यात. त्यांतून सुटते ते केबिनचे भाडे. बंदरशुल्क, कर आणि बहुतेक कंपन्यांत माणशी रोज आकारली जाणारी सेवकांची बक्षिसी मुलांनाही लागू होते. कोटेशनमध्ये या रकमा मुलाच्या नावापुढे स्वतंत्र लिहिल्या तर आकडा मोठा दिसतो आणि शेजारच्या कार्यालयाचा स्वस्त दिसतो, ही भीती खरी आहे. तितकीच अवघड दुसरी एक गोष्ट आहे: मूल दीड-दोन वर्षांचे असेल आणि आईबापांना विश्रांतीसाठी क्रूझ हवी असेल, तर त्यांना मूल तीन वर्षांचे होईपर्यंत थांबायला सांगणे. त्या वर्षीची नोंदणी त्याने जाते, आणि ती गेली तरी हा सल्ला द्यावा असे या मासिकाचे मत आहे.