पदवी, प्रमाणपत्र आणि उत्तरदायित्व

नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एका नव्या पदनामाने प्रवेश केला आहे. आपला मुलगा किंवा मुलगी ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ झाल्याचे आईवडील अभिमानाने सांगतात. पण ‘म्हणजे नेमके काय काम?’ असे शेजाऱ्याने विचारले की उत्तर अडखळते. डॉक्टरचे, वकिलाचे, प्राध्यापकाचे काम डोळ्यांना दिसते. या व्यवसायाचे काम सारे सुरळीत चालू असताना दिसत नाही. ते झाले नाही, तरच जाणवते. विदर्भाने ते न होण्याची फार मोठी किंमत मोजली आहे. म्हणूनच हा विषय काही तरुणांच्या वेतनापुरता मर्यादित नाही.

प्रकल्प आणि प्रोग्रॅम यांतील भेद समजण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द पुरेसे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता आणि नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. धरणाची भिंत केव्हाच उभी राहिली; मात्र २०२५ साल उजाडले, तरी कालवे आणि वितरिकांची कामे पूर्ण झालेली नव्हती.

धरण हा एक प्रकल्प, कालवा हा दुसरा, उपसा योजना तिसरा, बुडीत गावांचे पुनर्वसन चौथा. या सर्वांचे मिळून जे फलित, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचलेले पाणी, तो प्रोग्रॅम. प्रत्येक तुकड्याला अभियंता होता, कंत्राटदार होता, स्वतंत्र देयके होती. अधिकारी येत गेले, बदलून जात राहिले. पण पाणी बांधावर का पोहोचले नाही, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यास बांधील असा एक माणूस मात्र या साऱ्या वर्षांत शोधूनही सापडत नाही. शिक्षणाची उणीव येथे नव्हती. उणीव होती ती उत्तरदायित्वाची.

याच नागपुरात याच्या उलट अनुभवही आला. मेट्रोचे भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झाले. मार्च २०१९ मध्ये पहिली प्रवासी गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. ठरल्यापेक्षा उशीर येथेही झाला, कोरोनाचा अडथळाही आला. तथापि स्वतंत्र कंपनी होती, तिला अधिकार होते आणि २०१५ पासून पहिला टप्पा पूर्ण होईपर्यंत ब्रिजेश दीक्षित हेच तिचे व्यवस्थापकीय संचालक होते. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटर लांबीत एकाच खांबांवर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. दोन स्वतंत्र यंत्रणांनी आरंभीच एकत्र बसून आराखडा केला नसता, तर हाच रस्ता दोनदा खोदला गेला असता. अर्थात येथेही अखेरचा हिशेब स्थानकांच्या संख्येने व्हायचा नाही. प्रवासी घरापासून कामापर्यंत सुखाने पोहोचतो का, यानेच व्हायचा.

या पार्श्वभूमीवर प्रमाणपत्रांच्या ओढीकडे पाहावे. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे ‘पीएमपी’ हे प्रमाणपत्र आज आपल्या तरुणांचे उद्दिष्ट झाले आहे. त्यात गैर काही नाही. पण त्याच्या अटी नीट वाचाव्यात. पदवीधराला प्रत्यक्ष प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, ३५ तासांचे प्रशिक्षण लागते आणि दर तीन वर्षांनी नवे शिक्षण दाखवून नूतनीकरण करावे लागते. प्रोग्रॅम व्यवस्थापनाचे वेगळे प्रमाणपत्र त्याहून कठीण. तेथे परीक्षेआधी अर्जदाराचा अनुभव त्याच व्यवसायातील जाणकार तपासतात. म्हणजे प्रमाणपत्र देणारेही अनुभव आधी मागतात. आपल्याकडे मात्र अभियांत्रिकीची पदवी हाती पडताच शिकवणी वर्गाचे शुल्क भरण्याची घाई असते. कार्यस्थळावरची धूळ अंगावर न घेता मिळवलेली ही विद्या मुलाखतीपर्यंत साथ देते, पहिल्या पेचप्रसंगात नाही.

आणि पेच रोजचेच असतात. सकाळी कंत्राटदाराचे थकलेले देयक, दुपारी रेल्वेची किंवा वनखात्याची अडलेली परवानगी, सायंकाळी मोबदल्यासाठी आलेले जमीनमालक. मिहानमधील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्याला परदेशी ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे रात्र जागवावी लागते. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे, त्यातील बहुतेकजण याच्या हाताखालचे नसतात. हुकूम चालत नाही, विश्वास कमवावा लागतो. काम रखडले तर दोष याचा, पार पडले तर कोनशिलेवर नाव दुसऱ्याचे. हा ताण पेलणाऱ्याला घरच्यांची समजूतदार साथ हवी आणि समाजाची जाणती दादही हवी.

शासनाने यातून धडा घ्यावा. मोठ्या कामाचा प्रमुख नेमताना केवळ सेवाज्येष्ठता न पाहता या विषयाचे प्रशिक्षण आणि अनुभव पाहावा. त्याला अधिकार द्यावेत आणि काम तडीस जाईपर्यंत त्याची बदली करू नये. नागपुरात विश्वेश्वरय्यांचे नाव धारण करणारी राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, भारतीय व्यवस्थापन संस्थाही आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना परदेशी उदाहरणांबरोबर गोसीखुर्दचे कालवे प्रत्यक्ष चालून दाखवावेत. आपल्याच भूमीतील अपयश मोकळेपणाने अभ्यासणे यात कमीपणा नाही. ते झाकून ठेवण्यात आहे.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसलेली स्वयंचलित दारे ही त्याच विश्वेश्वरय्यांची कल्पना. त्यांच्या काळी प्रोग्रॅम मॅनेजर हे पदनाम नव्हते आणि त्याचे प्रमाणपत्रही नव्हते. हाती घेतलेले काम फळाला येईपर्यंत आपले मानणे, ही वृत्ती होती. आज पदनाम आले, प्रमाणपत्रे आली, वेतनही आले. त्या वृत्तीची जोड या पिढीने दिली, तर वैनगंगेचे पाणी बांधावर यायला आणखी चार दशके लागणार नाहीत.