दाण्यांची परीक्षा आपल्याच विहिरीच्या पाण्यात

हायड्रोजेल नावाच्या पदार्थाविषयी शेतकरी बंधू अलीकडे वारंवार विचारू लागले आहेत. हे कोरडे दाणे पाण्यात पडले की फुगतात, पाणी पोटात धरून ठेवतात आणि भोवतालची माती सुकू लागली म्हणजे ते मुळांना देतात. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून तयार केलेले 'पुसा हायड्रोजेल' आपल्या वजनाच्या किमान 350 पट शुद्ध पाणी शोषते. त्याची शिफारस हेक्टरी 2.5 ते 5 किलो इतकी आहे. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो आणि फाल्गुनात विहिरी तळ गाठतात. तेथील माणसाला अशा दाण्यांचा मोह पडावा, यात नवल नाही.

तो मोह मलाही पडला होता. खाडीलगतच्या एका गावी पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांत मी पुस्तकातील मात्रा देवविली आणि पाण्याची पाळी लांबविता येईल, असा शब्द दिला. शेतकऱ्याने विश्वासाने पाळी लांबविली. काही दिवसांतच पात पिवळी पडून माना टाकू लागली. उकरून पाहिले, तो दाणे जेमतेम फुगलेले. विहिरीचे पाणी मचूळ होते आणि मी ते तपासले नव्हते. दोष दाण्यांचा नव्हता, माझा होता.

याचे कारण साधे आहे. दाण्याबाहेरचे पाणी खारट असेल तर ते आत ओढून घेण्याचा दाण्याचा जोर कमी पडतो. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असल्यास दाण्यातील जाळे आणखी आवळले जाते. म्हणून 350 पट हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे, खाडीकाठच्या विहिरीचा नव्हे. शिवाय हिशेब करून पाहावा. हेक्टरी 5 किलो दाणे पुरे फुगले तरी एका वेळी 1,750 लिटर पाणी धरतील. म्हणजे दर चौरस मीटरला पाव लिटरहूनही कमी. प्रत्येक पाण्याच्या वेळी ते पुन्हा भरतात, हे खरे. तथापि, ते मुळांपाशी पडले तरच त्यांचा उपयोग आहे आणि पाण्याची पाळी ते रद्द करीत नाहीत.

आता असे सांगण्यात येते की, कोणत्या जमिनीत किती दाणे द्यावेत हे संगणक ठरवील आणि यंत्रमानव ते मोजून मुळांशी टाकील. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये महाकृषी-एआय धोरण मंजूर केले आहे. तेव्हा हा विचार दूरचा राहिलेला नाही. त्याचे मी स्वागतच करतो. परंतु संगणक शिकतो कशावरून, हे ध्यानी घेतले पाहिजे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये संगणकाच्या साह्याने समुद्राच्या पाण्यातही घट्ट चिकटणारे हायड्रोजेल घडविले. ते चिकटविण्याच्या कामाचे आहे, शेतीचे नव्हे. पण त्यातील धडा आपल्या कामाचा आहे. आधी त्यांनी 180 प्रकारचे जेल प्रत्यक्ष तयार करून एकेकाची चिकटण्याची शक्ती मोजली. त्या मोजमापांवरून संगणक शिकला व पुढची वाट दाखवू शकला. दिल्लीच्या मातीच्या नोंदींवर शिकलेला संगणक अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात चुकेल, जसा पुस्तकावर विसंबून मी चुकलो. यंत्रमानवाचा हात कितीही नेमका असला तरी चुकीची मात्रा तो नेमकेपणाने चुकीचीच टाकील.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, यंत्र येण्यापूर्वी आपल्या नोंदी तयार असाव्यात. हे काम खर्चाचे नाही. सोनाराच्या काट्यावर एकेक ग्रॅम दाणे तोलून दोन मोठ्या भांड्यांत घालावेत. एकात साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी व दुसऱ्यात आपल्या विहिरीचे पाणी, प्रत्येकी एक लिटर ओतावे. दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यातून गाळून, उरलेले पाणी मोजावे. जेथे अधिक पाणी उरले तेथे दाणे कमी प्यायले. हीच परीक्षा डिसेंबरात व मार्चमध्ये करावी, कारण उन्हाळ्याकडे पाण्याचा खारेपणा वाढतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहीर, तारीख, क्षारता व पीक यांसह ती वहीत लिहावी. परीक्षेत दाणे उतरले, तरी पहिल्या वर्षी दोनच वाफ्यांत घालावेत आणि शेजारी दोन वाफे बिनदाण्यांचे ठेवावेत.

हे दाणे जमिनीतील मीठ काढीत नाहीत, हेही विसरू नये. खारजमिनीला बांधाची डागडुजी, नीट चालणारी उघाडी, पावसाच्या पाण्याने मिठाचा निचरा, शेणखत आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेले भाताचे क्षारसहनशील वाण हेच मुख्य उपाय आहेत.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते या मातीचे व या माणसांच्या अनुभवाचे मानांकन आहे. तो अनुभव आकड्यांत उतरला, तरच उद्याचे यंत्र आपल्या शेताची भाषा बोलेल. त्या शेतकऱ्याने यंदा पुन्हा दाणे मागितले आहेत. या वेळी मी आधी त्याच्या विहिरीचे पाणी मागितले.